तोफेचे बैल

पहिल्या भेटीत त्याने मला ढेकळं मारली. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पण नेम असा की तिनातली दोन बरोबर माझ्या पाठीत बसली.

तसं पाहिलं तर चूक माझीच होती. मी अकोटचा पाथरवट. जाती, पाटे, उंबरठे, खांबांच्या बैठका, जे सांगाल ते घडवणार. उमेदीच्या त्या वर्षांत मी डोंगराच्या अंगाच्या खेड्यांतून टाकी-हातोडा घेऊन ‘जातं टाकवून घ्या’ अशी हाळी देत हिंडायचो. त्या दिवशी एका गावाबाहेर, नाल्याकाठच्या पडीक वावरात मला सात दगड एका ओळीत उभे दिसले. घडीव नव्हते, साधेच, गुडघ्याच्या वर येतील एवढे. त्यातला एक कलला होता. कललेला दगड दिसला की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. मी पहार घालून तो सरळ केला, बुडाशी चिपा ठोकून पक्का बसवला. आमच्या धंद्यात दगड हातावेगळा केला की त्याला शेंदराचं बोट लावायची रीत. सवयीने मी थैलीतली डबी काढली आणि बोट लावलं. तेवढ्यात पाठीत पहिलं ढेकूळ बसलं.

“पूस थे! आधी पूस!”

वळून पाहतो तर एक काटकुळा म्हातारा चौथं ढेकूळ घेऊन उभा. मी म्हटलं, “काहून मारून राह्यले जी? देवाले बोट लावलं, काय गुन्हा केला?”

“देव? तुह्या बापाचा देव होय का थो? भिवा होय थो, भिवा! तोफेले बत्ती देत होता. जलमभर त्याले कोनी हळदीचं बोट लावलं नाई, लगन होयाच्या आधीच मेला. आन् तू त्याले शेंदूर फासून राह्यला!”

असं म्हणून तो खाली बसला, कमरेला खोचलेली मडक्याची खापरी काढली आणि मी लावलेला शेंदूर खरवडू लागला. खरवडताना त्याच्या ध्यानात आलं की दगड आता हलत नाही. त्याने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला, खांदा लावून पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “बसवला मात्र बेस.” आणि फडक्यातली अर्धी भाकर मोडून माझ्यापुढे धरली. अशी आमची ओळख झाली.

गावात त्याला सगळे तोफवाला बुढा म्हणत. त्याला ते मुळीच आवडत नसे. “मी तोफवाला नोहो. मी तोफेचे बैल हाकत होतो,” असं तो प्रत्येकाला सांगे, आणि लोक “बरं जी, तोफवाले आबाजी” म्हणून पुढे जात. खरं नाव विचारलं तर म्हणे, “बैलवाल्याचं नाव हाजरीत लिवत नाई.” त्यामुळे ते मलाही कधी कळलं नाही.

हकीकत अशी. गाविलगड पडायच्या पंधरवडाभर आधी ह्याच मैदानात नागपूरकरांच्या फौजेची इंग्रज साहेबाच्या फौजेशी लढाई झाली होती. म्हातारा तेव्हा अठरा वर्षांचा होता. एका तोफेवर सात माणसं, आणि तोफ ओढणारे बैल ह्याच्या ताब्यात. तोफ जागेवर लावली की बैल सोडून मागे नाल्यात नेऊन उभे करायचे, आणि हाक आली की परत आणून जुंपायचे, एवढं त्याचं काम. त्या दिवशी हाक आलीच नाही, असं तो सांगे. सातही माणसं तोफेपाशी मेली. बैल वाचले आणि बैलवाला वाचला. पुष्कळ वर्षं कुठे कुठे हिंडून तो ह्या गावात आला, एकाकडे सालदार राहिला, आणि नाल्याच्या वळणावरून जागा ओळखून त्याने एकट्याने सात दगड ओढून आणून उभे केले. त्या वावरात नांगराला हाडं लागतात म्हणून ते तसंच पडून होतं. कोणाची हरकत नव्हती.

कुठेही चालला तरी तो वाटेच्या डाव्या कडेने चालायचा, उजव्या हाताला बैलांपुरती जागा सोडून. उजव्या मनगटाला कासऱ्याचा एक तुकडा कायम बांधलेला असे. झोपतानाही तो सोडत नसे. बंडीत कधी बसला नाही. “माहे पाय काय मेले हायेत? बैलानं मले काहून ओढाव?” असं विचारायचा. कापसाच्या बंड्यांची रीघ अकोल्याकडे आणि उमरावतीकडे लागायची तेव्हा हा गाडीवाटेवर लिंबाखाली हळद-तेलाचं मडकं घेऊन बसे, आणि येणारी प्रत्येक बंडी थांबवून जू उचलून बैलाची मान बघे. मान सोललेली दिसली की संपलं. “उतर खाली! घे जू तुह्या मानेवर आन् जाय अकोल्यापावतर!” चांगले मिशावाले गाडीवान त्याला टाळायला कोसभर वळसा घालून जायचे.

ते दिवसच तसे होते. कुठे अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडाचं नशीब उघडलं. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, चराईच्या रानात पऱ्हाटी, गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. अकोल्यात व्यापाऱ्यांच्या हवेल्या उठू लागल्या, आणि उन्हातान्हात जाती टाकवत फिरणाऱ्या मला उंबरठ्यांच्या कामातून मान वर करायला सवड मिळेना. सगळे खूश होते. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? एकदा मी म्हाताऱ्याला ही अमेरिकेची गोष्ट सांगितली तर त्याने विचारलं, “म्हंजे तिकडं मानसं मरून राह्यले म्हून इकडं भाव हाये?”

“तसंच म्हना.”

“मंग त्यायचे दगड कोन लावत अशीन?”

मी म्हटलं, असतील की त्यांचे लोक लावणारे. तो फडक्याची गाठ सोडू लागला. मग त्याने मला भाकर खायला सांगितलं.

त्याची सगळ्यात विचित्र खोड म्हणजे तो त्या दगडांना शिव्या द्यायचा. रोज सकाळी जाऊन आदल्या दिवशी बायकांनी लावलेला शेंदूर खापरीने काढायचा, आणि मग एकेका दगडापुढे बसून त्याचा उद्धार करायचा. दारू ठासणाऱ्या सखारामाने ह्याच्या वाटणीचा गूळ चोरला होता. त्या सखारामाचं आणि भिवाचं एका पितळी गडव्यावरून बिनसलं होतं, आणि दोघं एकाच तोफेवर असून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. म्हसाजीच्या घोरण्याने बैल बुजायचे. गोविंदाला पोहता येत नव्हतं आणि येतं म्हणून सांगायचा. राघो बायकोच्या आठवणीने रडायचा आणि कांद्यावर ढकलायचा. नथ्थूला खोटं बोलल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाही. आणि ह्या सगळ्यांचा उस्ताद, गोलंदाज दाऊदखाँ, बुऱ्हाणपूरकडचा. त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर. बैल आणायला जरा उशीर झाला की तो ह्याला सगळ्या फौजेदेखत झाडायचा.

मी एकदा म्हटलं, “आबाजी, मेलेल्या मानसाचं चांगलं सांगाव. तुमी त नुसते गुन्हे काढून राह्यले.”

“चांगलं कोनीबी सांगते. मेला का मानूस चांगला होतेच. यायचे वाईट गुन कोनाले मालूम हायेत? एकट्या मले. थे इसरलो का मानूस गेला, नुसता दगड राह्यला.”

हा त्याचा एकच हट्ट होता. ही सात माणसं होती आणि माणसंच राहिली पाहिजेत. पण उभा दगड दिसला आणि आमच्या बाया त्याला मोकळा सोडतील, हे कधी झालंय का? पाटलीणबाई तर त्याच्याशी रोज भांडायच्या. मोठ्या प्रेमळ बाई, पण हार जाणाऱ्या नव्हत्या.

“अजी आबाजी, देवाले शेंदूर नाई लावाव त काय चुना फासाव?”

“हा देव नोहे माय. हा म्हसाजी होय. याले दोन डाव जेवल्याबिगर झोप येत नव्हती.”

“मंग दोन डाव निवद दाखवीन त्याले! त्यात काय?”

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून म्हसाजीपुढे दोन पुरणाच्या पोळ्या येऊ लागल्या. म्हाताऱ्याने शेंदूर खरवडला, पोळ्या मात्र खाल्ल्या.

पोळ्याच्या दिवशी बैलांना जू नसतं. तो दिवस ह्याचा. तोरण तुटलं, बैल घरोघरी ओवाळून झाले की तो कोणाची तरी एक जोडी मागून घ्यायचा आणि दगडांपाशी न्यायचा. अख्खं गाव गंमत बघायला मागोमाग. दाऊदखाँच्या दगडापुढे जोडी उभी करून तो म्हणायचा, “बैल आनले, उस्ताद.” मग छाती काढून, आवाज जाडा करून स्वतःच दाऊदखाँ व्हायचा, “इत्ती देर कायकू लगाया रे, नालायक?” आणि लगेच पुन्हा मान खाली घालून आपल्या बारक्या आवाजात, “चुकलं, उस्ताद.” लोक पोट धरून हसायचे. मीही हसलो आहे.

एका हिवाळ्यात मला परतवाड्याला काम निघालं. म्हातारा म्हणाला, मीही येतो. माझ्या बंडीच्या डाव्या बाजूने तो दोन दिवस चालत आला. तिथे छावणीजवळ साहेब लोकांचं कबरस्तान आहे. दगडी कुंपण, लोखंडी फाटक, आत ओळीने कबरी आणि प्रत्येकीवर कोरलेली अक्षरं. मी धंद्याच्या नजरेने अक्षरांची खोली बघत होतो, आणि हा खाली वाकून एका कबरीवरचं गवत उपटायला लागला.

मी म्हटलं, “आबाजी, हे साहेबाचे लोक. तुमच्यावर गोळे टाकनारे.”

“मेला न आता? आता काय गोळे टाकीन थो?” म्हाताऱ्याचं गवत उपटणं चालूच. “याचाबी कोनी बैलवाला अशीन.”

तिथला राखणदार एक म्हातारा मियाँ होता. त्याने आम्हाला हिंडवून एकेक कबर सांगितली. “ये कप्तान साब, बुखार से गए. ये उनकी मेम. ये छोटा बाबा, नौ महिने का.” आमच्या म्हाताऱ्याने त्याला विचारलं, “तुमाले वाचता येते का हे?” तो म्हणाला, “कहाँ भाई? मेरे पहले जो था, उसने बताया. मैं मेरे बाद वाले को बताऊँगा.”

परतताना म्हातारा सगळी वाट बोटांवर काहीतरी मोजत होता. गाव दिसू लागल्यावर म्हणाला, “मलेबी तशी नावं कोरून दे. सातायची. नाव वाचलं का कोनी शेंदूर लावाले धजनार नाई.”

मी म्हटलं, त्यात काय, चार दिवसांचं काम आहे. मला स्वतःला वाचता येत नाही. अकोटच्या शाळामास्तरांकडून मी सातही नावं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आणि तो कागद टाक्यांच्या थैलीत ठेवला. ठेवला तो ठेवलाच. त्या हंगामात अकोल्याच्या एका हवेलीचे खांब होते. मग उमरावतीचं काम आलं. मग दिवाळी झाली की, मग संक्रांत झाली की. मी त्या वाटेने जायचो तेव्हा म्हातारा लिंबाखालून विचारायचा, “टाकी आनली का?” टाकी थैलीतच असायची. मी म्हणायचो, “आनली आबाजी, पन आज घाई हाये.” तो कधी रागावला नाही. कोणाच्या बैलांची मान बघत “बरं” म्हणायचा. अशी दोन वर्षं गेली. आज सांगताना मला लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

मग मोजणी आली. नवं सरकार वावरन् वावर साखळीने मोजून कोणाच्या नावावर काय ते कागदावर चढवत होतं. पाटलांनी नाल्याकाठचं ते पडीक मागितलं. पाटील वाईट माणूस नव्हता, पण त्या दिवसांत काळी जमीन पडीक ठेवणाऱ्याला लोक वेड्यात काढत. हाडं लागतात तर लागोत, असं झालं होतं. मी त्या दिवशी पाटलांच्या उंबरठ्याचं माप घ्यायला आलो होतो म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

मोजणीचा कारकून पुण्याकडचा होता. छत्री लावून त्याने दगड बघितले आणि विचारलं, “हे काय आहे? देवस्थान असेल तर तेवढी जागा सोडून मोजतो. थडगी असतील तरी सोडता येईल, पण कोणाची ते लिहावं लागेल.”

म्हातारा असा पुढे झाला की मला त्याचा पाठीचा बाक दिसेनासा झाला. कागद-लेखणीवाल्या माणसाने त्याला नावं विचारली, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. तो सांगू लागला. गोलंदाज दाऊदखाँ. दारू ठासणारा सखाराम. नागपूरकरांची तोफ. कारकुनाने दोन नावं लिहिली आणि तो थांबला.

“नागपूरकरांची तोफ? मग समोर कोण होतं?”

“साहेब होता.”

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आजोबा, शिपायांचं बंड होऊन अजून दहा वर्षं झाली नाहीत. सरकारशी लढलेल्यांची थडगी मी सरकारी कागदावर लिहू? माझी नोकरी जाईल, आणि ह्या गावामागे चौकशी लागेल ती वेगळी.” त्याने दोन्ही नावं खोडली. “दुपारनंतर साखळी इकडे येईल. तोवर ठरवा. मी दोनच गोष्टी लिहू शकतो, देव नाहीतर मोकळी जमीन.”

पाटील अगदी कळवळून म्हणाले, “आबाजी, देव अशीन त माही काय बिशाद नांगर लावाची? पन तुमीच त तीस वर्सं सांगून राह्यले, देव नोहे म्हून!”

म्हातारा वळून दगडांकडे गेला. मी मागे गेलो. म्हटलं, “आबाजी, आज लावून टाका शेंदूर. उद्या खरवडा.”

“कागदावर देव लिवला का खरवडू देतील का मले? पाटलीनच माह्या डोक्यात धोंडा घालीन.”

तो दाऊदखाँच्या दगडापुढे बसला. मनगटाचा कासरा दुसऱ्या हाताने फिरवत राहिला. मग म्हणाला, “हाक आली होती.”

मला कळेना. “कोनाची?”

“यायची. दाऊदखाँची. लोकायले मी सांगतो, हाक आलीच नाई. आली होती. ‘बैल ला रे!’ तीन डाव. मी नाल्यात उभा. साफ आयकू येत होतं. थे तोफ मांगं काढाले पाहून राह्यले होते. मी बैल नेले असते त तोफबी निंगाली असती आन् मानसंबी. माहे पायच उचलले नाई गड्या. मंग आवाज बंद झाला.”

समोर सात दगड, आणि त्यांच्या मागे दोनशे हातांवर तो नाला. एवढंच अंतर.

“देवाची माफी मांगनं सोपं हाये,” तो म्हणाला. “देव काही बोलत नाई. मले दाऊदखाँची पाह्यजे. थो मानूस राह्यला पाह्यजे, रागावनारा. शेंदूर लावला का थो देव झाला. मंग मले कोन रागावीन?”

मला रडू आलं, हे सांगायला मला काही वाटत नाही. मी म्हटलं, “आबाजी, नावं कोरली असती त...” नावं कोरलेली असती तर कारकुनाने काय केलं असतं, देव जाणे. पण मी कोरली नव्हती, हे खरं.

त्याने हात पुढे केला. “दे तुही डबी.”

माझ्या त्याच डबीतला शेंदूर त्याने तेलात कालवला आणि एका टोकापासून सुरुवात केली. भिवा, सखाराम, म्हसाजी, गोविंदा, राघो, नथ्थू. बोट नाही, पुरा तळहात भरून, दाट. दाऊदखाँपाशी आल्यावर थांबला. “खाँसाहेब, तुमच्यात हे बसत नाई, मालूम हाये मले. पन नांगर फिरन्यापरीस बरं.” आणि लावला. मग कमरेची खापरी काढून त्याने नाल्यात भिरकावली.

दुपारी कारकून आला. सात ओले लाल दगड त्याने पाहिले, म्हाताऱ्याचे लाल हात पाहिले, आणि विचारलं, “देवाचं नाव?” म्हातारा हात मातीला पुसत राहिला. पाटील म्हणाले, “सात भाऊ.” तसं लिहिलं गेलं.

नंतर एकदा मी टाक्या घेऊन मुद्दाम गेलो. पाटलीणबाईंनी मला वावरात पाऊल ठेवू दिलं नाही. “देवाले टाकी लावता? हात झडतीन तुमचे!” त्यांचं बरोबर होतं. पूजेतल्या देवावर टाकी मारता येत नाही, हे मी काय जाणत नव्हतो? तो कागद अजून माझ्याकडे आहे. मलाही दोन वर्षं हाक येत होती, आणि मीही गेलो नाही.

म्हातारा त्यानंतरच्या थंडीत गेला. त्याचा दगड नाही. त्याने मला बजावून ठेवलं होतं, “लावशीन त कोनीतरी शेंदूर फाशीन.” आता तिथे ओटा झाला आहे, नारळ फुटतात, लोक नवस करतात. सात सख्खे भाऊ ढोरं चोरणाऱ्यांशी लढताना मेले, असं नवे लोक सांगतात. नथ्थूकडे मुलगा मागतात आणि नथ्थू बहुतेक हो म्हणत असणार. मला सत्तरी लागली, हात कापतात, टाकी धरवत नाही. पण ओट्यावर कोणी शेजारी बसलं की मी विचारतो, वेळ आहे का? असला तर एकेक सांगतो. गूळ कोणी चोरला, घोरायचं कोण, गडव्यावरून कोणाचं बिनसलं. काही उठून जातात. काही ऐकतात.

शेंदरानंतर म्हाताऱ्याला एकच पोळा मिळाला. दगड आता देव झाले होते, त्यामुळे गर्दी दुप्पट होती. पाटलांनी आपली चांदीच्या शेंब्यांची जोडी स्वतःहून दिली. बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. म्हातारा जोडी घेऊन डाव्या बाजूने चालत आला आणि दाऊदखाँच्या दगडापुढे थांबला.

“बैल आनले, उस्ताद.”

लोक हसायला तयार होऊन बसले होते. म्हाताऱ्याने छाती काढली, तोंड उघडलं, पण दाऊदखाँचा आवाज निघाला नाही. समोर लाल दगड होता, पुढे निरांजन लावलेलं. त्याने हात जोडले, पुन्हा सोडले. “बैल आनले,” तो पुन्हा म्हणाला, आणि तसाच उभा राहिला. हसू थांबलं. पाटलीणबाई कुजबुजल्या, “काय झालं जी यायले?”

मी गर्दीच्या मागे होतो. मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी छाती भरून घेतली आणि असेल नसेल तेवढ्या जाड्या आवाजात ओरडलो, “इत्ती देर कायकू लगाया रे, नालायक? तीन बार पुकारा मैं! तीन बार!”

बायका दचकल्या. देवापुढे शिवी दिली म्हणून कोणीतरी माझा दंड धरला. म्हाताऱ्याने मात्र मागे वळून पाहिलं नाही. तो दगडाकडेच बघत होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

“आयकू आलं होतं, उस्ताद,” तो म्हणाला. “मी भेलो होतो.”

मग त्याने जोडी वळवली, तोफेला जुंपायला लावतात तशी पाठमोरी दगडांशी नेऊन उभी केली, आणि मनगटाचा कासरा सोडला.